थॉमस लिंकनची जमीन : इंडियानातल्या एका वसाहती कुटुंबाचं प्रकरण

घराण्याचा इतिहास लिहायला बसलं की एक माणूस हमखास भेटतो, ज्याच्या डोक्यावर सगळं खापर फोडलेलं असतं. आमच्या घरात ते माझे खापरपणजोबा. कुलवृत्तान्तासाठी टिपणं काढताना त्यांच्या नावापुढे एकच वाक्य हाती लागलं होतं : "यांनी जमीन घालवली." जुने फेरफार काढून पाहिल्यावर कळलं, की ते धाकट्या भावाच्या कर्जाला जामीन राहिले होते. शंभर वर्षं कुणी हे पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून असं वाक्य कानावर पडलं की मी आधी कागद शोधतो.

म्हणूनच हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, ओहायो नदीच्या उत्तर काठाला स्पेन्सर काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. पण जमिनीची, लग्नाची, कोर्टाची कागदपत्रं तिथेच राहतात, म्हणून वंशावळ शोधणाऱ्याला हे एकक सगळ्यात महत्त्वाचं. ही काउंटी १८१८ मध्ये बनली. तिच्या लिटल पिजन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी १८१६ च्या डिसेंबरात केंटकीतून चौघांचं एक कुटुंब येऊन राहिलं : थॉमस लिंकन, त्याची बायको नॅन्सी, नऊ वर्षांची सारा आणि आठव्या वर्षात असलेला अब्राहम. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुलाची गोष्ट जगाला पाठ आहे. मला इथे बापाचं प्रकरण मांडायचं आहे. कारण इतिहासाने त्याच्यावर बराच काळ जो शिक्का मारला, तो माझ्या खापरपणजोबांवरच्या शिक्क्यासारखाच होता : फिरस्ता, आळशी, कुठे बूड न टेकवणारा.

काही महिन्यांनी हुकलेला वाटा

थॉमसच्या दैन्याची सुरुवात तो आठ वर्षांचा असताना झाली. त्याचे वडील कॅप्टन अब्राहम लिंकन हे व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतले चांगले सधन शेतकरी. १७८० मध्ये त्यांनी तिथली जमीन विकली आणि साधारण १७८२ मध्ये बायको-मुलांना घेऊन डोंगर ओलांडून केंटकीत आले. त्यांच्या नावावरचे जमिनीचे दावे पाच हजार एकरांच्या वर गेले होते. त्यातल्या लाँग रन ओढ्यावरच्या जमिनीच्या कागदात त्यांचं नाव 'लिंकहॉर्न' असं लिहिलं आहे. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. (मोडीतली आडनावं लावताना ज्यांनी डोळे फोडले आहेत, त्यांना हे सांगायला नको.)

१७८६ च्या मे महिन्यात शेतात काम करताना कॅप्टन अब्राहम यांच्यावर मूळनिवासी टोळीतल्या माणसाने गोळी झाडली आणि ते जागीच गेले. घरातली हकीकत अशी, की मधला जोसाया मदत आणायला गढीकडे पळाला, थोरला मॉर्डकाय झोपडीत शिरून बंदूक घेऊन आला, आणि बापाच्या प्रेताशेजारी बसलेल्या लहानग्या थॉमसला उचलायला आलेल्या माणसाला त्याने आतूनच टिपलं. नातू अब्राहम लिंकन पुढे ही गोष्ट आपल्या मनावर सगळ्यात खोल कोरलेली गोष्ट म्हणून सांगत.

घरात गोळीची गोष्ट राहिली. कायद्याची गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही, आणि थॉमसचं आयुष्य त्या कायद्याने ठरवलं. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होती. मृत्युपत्र न करता बाप गेला तर सगळी जमीन थोरल्या मुलाची, हा जुना इंग्रजी रिवाज तिथे चालू होता. तो रद्द करून सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा कायदा १७८५ मध्ये मंजूर झाला होता, पण तो लागू होणार होता १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन अब्राहम गेले मे १७८६ मध्ये. सात-आठ महिन्यांचा फरक. मॉर्डकाय जमीनदार झाला आणि थॉमस लोकांच्या शेतांवर मजुरी करत मोठा झाला. त्याच्या मुलाने पुढे लिहिलं, की बाप लहानपणी कामासाठी वणवण फिरणारा पोर होता आणि अक्षरशः शिक्षणावाचून वाढला. हे खरंच आहे. पण तो फिरत का होता, याचं उत्तर वारसाहक्काच्या त्या एका तारखेत आहे.

केंटकीतली तीन शेतं

थॉमस सुतारकाम शिकला. बरं शिकला. त्याने बनवलेली कोपऱ्यात बसणारी कपाटं आजही संग्रहालयांत जपून ठेवली आहेत. अक्रोडाच्या लाकडात फिकट लाकडाची नक्षी बसवलेली. आळशी माणसाच्या हातून असली जडावाची कामं होत नाहीत. पंचविशीत, १८०३ मध्ये, त्याने हार्डिन काउंटीत मिल क्रीकवर २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली. १८०६ मध्ये लग्न झालं. १८०८ च्या डिसेंबरात २०० डॉलर रोख मोजून त्याने सिंकिंग स्प्रिंग नावाचं सुमारे ३०० एकरांचं शेत घेतलं. दोन महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १८०९ ला, अब्राहम तिथे जन्मला. १८११ मध्ये कुटुंब नॉब क्रीकच्या सुपीक दरीत गेलं.

तेरा वर्षांत तीन शेतं आणि तिन्ही गेली. वरवर पाहिलं तर हे फिरस्तेपणच वाटतं. आता एकेक व्यवहार उलगडून बघू.

केंटकीत सरकारने जमीन आधी मोजून मग विकली नव्हती. ज्याने त्याने आपापला तुकडा निवडायचा, मोजणीदार आणायचा आणि हद्द लिहून घ्यायची. हद्द कशी? 'ओढ्याच्या वळणावरच्या पांढऱ्या ओकपासून इतक्या काठ्या उत्तरेला दोन बीच झाडांपर्यंत, तिथून दगडापर्यंत.' आपल्या जुन्या खरेदीखतात 'पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओहोळ' अशी चतुःसीमा असते, तसंच. फरक असा, की आपल्याकडे तो अमका तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतो आणि बांध कुठला हे गावाला ठाऊक असतं. तिथे गावच नव्हतं. ओक वठला, वळण बदललं, की हद्द हवेत. एकाच जमिनीवर दोन-तीन लोकांचे दावे, छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले. ज्याच्याकडे वकील त्याची जमीन.

मिल क्रीकची जमीन विकायला काढली तेव्हा मोजणीतली चूक उघडी पडली. २३८ एकरांचे पैसे देऊन घेतलेली जमीन १८१४ मध्ये २०० एकर म्हणून १०० पौंडांना विकावी लागली. अडतीस एकर कागदावरच विरले, आणि अकरा वर्षांनी घेतल्या किमतीपेक्षाही कमी पैसे हातात आले. सिंकिंग स्प्रिंगवर आधीच्या मालकाचं जुनं येणं बाकी होतं. ते वसूल करण्यासाठी दावा लागला आणि रोख पैसे मोजलेलं शेत थॉमसच्या हातातून गेलं. तिसऱ्या शेतात तर आणखी विचित्र झालं. नॉब क्रीकच्या दरीत दहा कुटुंबं कसत होती. १८१५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका जुन्या दावेदाराच्या वारसांनी त्या सगळ्यांना बेदखल करण्याचा दावा लावला, आणि दहांपैकी थॉमस लिंकनचा खटला कसोटीचा म्हणून चालवला गेला.

खटल्याचा निकाल १८१८ मध्ये लागला. थॉमसच्या बाजूने. पण तोवर तो केंटकी सोडून दीड वर्ष झालं होतं.

अब्राहम लिंकन यांनी १८६० मध्ये आपल्या आयुष्याचं टिपण लिहून दिलं, त्यात केंटकी सोडण्याचं कारण सांगितलं आहे : थोडं गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या अडचणींमुळे. हा क्रम महत्त्वाचा. नंतरच्या चरित्रकारांना तो उलटा करायचा मोह फार झाला. गुलामगिरीचा भाग खोटा नव्हे. १८११ च्या कर-यादीप्रमाणे हार्डिन काउंटीत सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष होते १,६२७, आणि गुलाम १,००७. फुकट राबवून घेतलेल्या हातांशी सुताराला मजुरीत बरोबरी करायची होती. पण त्याच काउंटीत थॉमसने गस्तीवर नेमलेला माणूस म्हणूनही काम केलं होतं, आणि गुलामांच्या हालचालींवर नजर ठेवणं हा त्या गस्तीचाच भाग असे. घराण्याचा इतिहास लिहिताना हा कागद बाजूला सारता येणार नाही.

चौकटीतली जमीन

ओहायो नदी ओलांडली की जमिनीची भाषाच बदलत होती. १७८५ च्या कायद्याप्रमाणे नदीच्या उत्तरेकडचा मुलूख सरकारने विकायच्या आधी मोजला. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, त्याची चौथाई १६० एकर. थॉमसने निवडलेल्या जमिनीचा पत्ता असा : टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम, भाग ३२, नैऋत्य चौथाई. त्यात कुठेही झाड, दगड किंवा वळण नाही. ज्याने अडतीस एकर एका मोजणीच्या चुकीत गमावले होते, त्याला हा पत्ता वाचून काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. (त्याला तो वाचून दाखवावा लागला असणार, सही करण्यापलीकडे त्याला लिहिता येत नव्हतं.)

१५ ऑक्टोबर १८१७ ला, जंगलात दहा महिने काढून झाल्यावर, थॉमस साठेक मैलांवरच्या व्हिन्सेन्स गावी सरकारी जमीन कचेरीत गेला. भाव एकरी दोन डॉलर, एकूण ३२०. त्याने १६ डॉलर इसार दिला आणि डिसेंबरात ६४ डॉलर भरले. मिळून चौथा हिस्सा. उरलेले हप्त्याने. पण १८१९ च्या मंदीने सगळ्या सीमावर्ती शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. १८२० मध्ये सरकारने हप्त्याची पद्धत बंद करून भाव सव्वा डॉलरवर आणला, आणि १८२१ मध्ये अडकलेल्या शेतकऱ्यांना मुभा दिली की काही जमीन परत करा आणि भरलेले पैसे उरलेल्या जमिनीला लावून घ्या. थॉमसने पूर्वेकडचा अर्धा भाग परत केला. पश्चिमेकडच्या ८० एकरांची बाकी भागवून १८२७ च्या जूनमध्ये त्याने सरकारी सनद मिळवली. शेजारचे वीस एकर विकत घेतलेले धरून शंभर एकर. वय एकोणपन्नास, आणि ज्याच्यावर कुणाचा दावा नाही अशी जमीन आयुष्यात पहिल्यांदाच.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. ही जमीन इतकी 'स्वच्छ' कशी होती? तिच्यावर आधीचे दावे नव्हते असं मुळीच नाही. १८०४ मध्ये व्हिन्सेन्सलाच त्या प्रदेशाचे गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन यांनी डेलावेअर आणि पियँकशॉ या मूळनिवासी लोकांशी करार करून वाबाश आणि ओहायो या नद्यांमधला दक्षिणेकडचा मोठा पट्टा सरकारच्या नावे करून घेतला. त्यांची शिकारीची रानं, त्यांच्या वाटा, त्यांची दफनं. तो हक्क एका सहीत पुसला गेला आणि मग त्या कोऱ्या कागदावर चौकटी आखल्या गेल्या. केंटकीतला गोंधळ हा गोऱ्यांच्या आपसातल्या दाव्यांचा होता. इंडियानातली शिस्त आली ती मूळ मालकाला आधीच बाहेर काढल्यामुळे. स्पेन्सर काउंटीचं नावसुद्धा १८११ च्या टिपेकनूच्या लढाईत मूळनिवासींशी लढताना पडलेल्या कॅप्टन स्पायर स्पेन्सर यांचं आहे. 'पहिले वसाहतवाले' हा शब्द त्या काउंट्यांच्या इतिहासांत फार अभिमानाने येतो. थॉमसला न्याय मिळावा असं मला मनापासून वाटतं. पण तो पहिला नव्हता, हे त्याच कागदांत लिहिलेलं आहे.

दूध

नदी ओलांडल्यावर शेवटचे सोळा मैल झाडं तोडत, वाट काढत जायला लागलं. अब्राहमच्या हातात त्याच वेळी कुऱ्हाड आली. तीन बाजूंनी ओंडके आणि चौथी बाजू सताड उघडी, तिच्यापुढे रात्रंदिवस जाळ, असला आडोसा तेव्हा नव्याने येणारे लोक उभा करत. मग ओंडक्यांची झोपडी. १८१७ च्या शरदात नॅन्सीची मावशी आणि मावसा, एलिझाबेथ आणि थॉमस स्पॅरो, तिथे राहायला आले. त्यांच्याबरोबर नात्यातला तरुण डेनिस हँक्स. नॅन्सी या मावशी-मावशाकडेच वाढली होती, म्हणजे माहेरच जवळ आलं.

पुढच्याच वर्षी, १८१८ च्या सप्टेंबरात, दोघंही गेली. शेजारची ब्रूनर बाई गेली. त्यांची शुश्रूषा करणारी नॅन्सी आजारी पडली आणि ५ ऑक्टोबरला तीही गेली. वय चौतीस.

वस्तीत या दुखण्याला 'दुधाचा आजार' म्हणत. आधी गुरं थरथरू लागत, पाय ओढत चालत, कोसळत. मग माणसांना ओकाऱ्या, पोटात आग, हातपाय गळून जाणं, श्वासाला विशिष्ट वास, शेवटी ग्लानी. कारण कुणालाच नीट कळत नव्हतं. कारण होतं एक झाड : दाट जंगलाच्या सावलीत कमरेएवढं वाढणारं, पांढऱ्या नाजूक फुलांच्या गुच्छांचं स्नेकरूट. उन्हाळा कोरडा गेला, गवत संपलं, की मोकळी सोडलेली गुरं रानात शिरून हा पाला खात. दुभत्या गाईचं विष बरंचसं दुधावाटे बाहेर पडतं, म्हणून गाय कधीकधी धडधाकट दिसते आणि ते दूध पिणारं वासरू किंवा पोर मरतं. लोण्यातही विष उतरतं. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून घरातली बाई काय देणार? दूधच. नॅन्सीने मावशीला काय पाजलं असेल आणि तिला स्वतःला काय पाजलं गेलं असेल, या विचाराने मला ते पान पुढे उलटवेना.

इलिनॉयमधली सुईण ॲना बिक्सबी हिला शॉनी या मूळनिवासी जमातीतल्या एका बाईने हे झाड दाखवलं आणि तिने आपल्या भागात ते उपटून काढायला लावलं, अशी तिकडची पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत आहे. झाडातलं विष रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं काढून त्याला ट्रेमेटॉल हे नाव दिलं ते १९२० च्या दशकात. म्हणजे नॅन्सी गेल्यानंतर शंभर वर्षांनी.

थॉमसने ओंडके चिरून फळ्या काढल्या आणि बायकोची पेटी घडवली. खिळे नव्हते. लाकडाच्या खुंट्या लागत. त्या नऊ वर्षांच्या अब्राहमने तासून दिल्या असं घरात सांगत. टेकाडावर तिला पुरलं. दगड बसवला नाही. नाव कोरलेला दगड तिथे बसला १८७९ मध्ये, तोही एका अनोळखी उद्योजकाच्या पैशांनी.

त्यानंतरचं वर्ष अकरा वर्षांच्या साराने घर चालवलं. मक्याची भाकर, शिकारीचं मांस, तीन पुरुषांचे कपडे. १८१९ च्या डिसेंबरात थॉमस केंटकीतल्या एलिझाबेथटाउनला गेला आणि जुन्या ओळखीतल्या विधवा सारा बुश जॉन्स्टनशी लग्न करून परत आला. तिची तीन मुलं, तिचं अक्रोडाच्या लाकडाचं खणांचं कपाट, अंथरुणं, चमचे-भांडी अशी गाडी भरून आली. तिने आल्या आल्या दोन्ही पोरांना न्हाऊ-माखू घातलं आणि नवऱ्याला जमिनीवर फळ्या ठोकायला, दार-खिडकी बसवायला लावलं. एका झोपडीत आठ माणसं. सावत्र आई म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे जे चित्र येतं, ते या बाईने साफ पुसून टाकलं.

कागद कुठे होता

वंशावळ शोधणाऱ्यांसाठी या प्रकरणातला सगळ्यात शिकवणारा भाग लग्नाचा आहे. अब्राहम लिंकन यांच्या हयातीत आणि नंतर विरोधकांनी कुजबुज चालवली होती, की त्यांच्या आईबापाचं लग्नच झालेलं नव्हतं. हार्डिन काउंटीच्या कचेरीत नोंद सापडत नव्हती. थॉमस हार्डिनचा रहिवासी, मुलं हार्डिनमध्ये जन्मलेली, मग लग्नही तिथलंच असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

नोंद सापडली १८७८ मध्ये, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत. लग्न मुलीच्या बाजूला झालं होतं! नॅन्सी तिथे बेरी कुटुंबात राहत होती. १० जून १८०६ चा ५० पौंडांचा जामीनकतबा, त्यावर थॉमसची स्वतःच्या हाताची सही, रिचर्ड बेरी यांची सही आणि त्यापुढे चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं 'पालक'. पाद्री जेसी हेड यांनी १२ जूनला लग्न लावल्याची नोंदही त्यांच्या यादीत होती. बहात्तर वर्षं कागद जागच्या जागी होता. मुलगा तोवर जिवंत नव्हता.

थॉमसवरचा 'आळशी' हा शिक्काही असाच कागदांनी पुसला. तो मुळात आला होता आठवणींतून. लिंकन यांच्या हत्येनंतर त्यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी १८६५ पासून गावोगाव फिरून नातेवाईक आणि शेजारी यांच्या मुलाखती घेतल्या. ते काम अनमोल आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेली सारा बुश लिंकन त्यात जे बोलली, ते दुसऱ्या कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. पण म्हाताऱ्या माणसांना जगप्रसिद्ध झालेला मुलगा आठवत होता, आणि त्याची उंची दिसावी म्हणून बाप नकळत खाली खाली जात होता. डेनिस हँक्स तर प्रत्येक गोष्टीच्या मध्यभागी स्वतःला उभा करी. १९२० च्या दशकात केंटकीत पाद्री असलेले लुई वॉरन काउंटी-कचेऱ्यांतली बाडं उघडून बसले. त्यांना थॉमस वेगळाच सापडला : वेळेवर कर भरणारा, ज्यूरीवर बसलेला, कोर्टकचेरीत आपली बाजू लढवणारा, आणि १८१४ च्या एका कर-यादीत ९८ जणांमध्ये मालमत्तेने पंधरावा. ज्याला दरिद्री म्हणून सांगितलं जात होतं, तो गावातल्या वरच्या पंधरांत होता!

आणखी एक गंमत वाटावी अशी गोष्ट. अब्राहम लिंकन यांना पूर्वज पेनसिल्व्हेनियापर्यंत माहीत होते, त्यापलीकडे नाही. न्यू इंग्लंडमधल्या लिंकन घराण्याशी नातं लावायच्या प्रयत्नांत दोन्हीकडे मॉर्डकाय, सॉलोमन, अब्राहम अशी तीच ती नावं येतात, एवढंच निघालं, असं त्यांनी लिहिलं आहे. त्यांनी ते बाजूला ठेवलं. पुढच्या शोधकांनी तोच धागा ओढला आणि इंग्लंडहून १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत वंशावळ नेऊन पोचवली. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांतून हा धागा कुणी सोडला नसता.

नॅन्सीच्या बाजूला मात्र कागद जवळजवळ मुका आहे. तिच्या नावावर जमीन नव्हती, खटला नव्हता, कर नव्हता. दप्तर पुरुषांची बाजू मांडतं. बायकांसाठी पुन्हा आठवणींकडेच यावं लागतं, आणि म्हणून मी हर्नडन यांच्या मुलाखतींवर रागावूनही त्या सोडू शकत नाही.

शंभर एकर, १२५ डॉलर

१८२६ मध्ये थॉमसच्या मुलीचं, साराचं, लग्न शेजारच्या ग्रिग्जबी घराण्यातल्या ॲरनशी झालं. दीड वर्षात, २० जानेवारी १८२८ ला, ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं, दोघांना एकत्र पुरलं. लिटल पिजन क्रीकच्या ज्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे, त्याचं सभासदत्व थॉमसने १८२३ मध्ये घेतलं होतं. सावत्र मुलींपैकी एलिझाबेथने डेनिस हँक्सशी लग्न केलं होतं, मॅटिल्डा हॉल कुटुंबात गेली होती. चौदा वर्षांत एका झोपडीची तीन घरं झाली होती.

१८२९-३० च्या हिवाळ्यात दुधाच्या आजाराची आवई पुन्हा उठली. इलिनॉयहून नात्यातल्या जॉन हँक्सची बोलावणी येत होती. थॉमसने ती शंभर एकर, दहा वर्षांत सनदेपर्यंत आणलेली, कुणाचा दावा नसलेली जमीन, १२५ डॉलरांना ग्रिग्जबी घराण्यातल्या चार्ल्सला विकली. केंटकीतला बायकोचा भूखंडही काही महिन्यांपूर्वी १२३ डॉलरांना गेला होता. तिन्ही घरांची मिळून तेरा माणसं बैलगाड्यांतून १८३० च्या मार्चमध्ये निघाली.

इथे मी थॉमसची वकिली करत नाही. हा व्यवहार मलाही खटकतो. इतक्या कष्टाने मिळालेली स्वच्छ मालकी त्याने का सोडली? माझा अंदाज असा, की त्या टेकाडावर बायको होती, चर्चच्या आवारात मुलगी होती, आणि गुरं पुन्हा थरथरू लागल्याचं ऐकल्यावर त्याने जमिनीकडे पाहिलंच नाही. याला पुरावा नाही. खरेदीखतात कारण लिहीत नसतात.

थॉमस १७ जानेवारी १८५१ ला इलिनॉयमधल्या कोल्स काउंटीत वारला. बापलेकांचं फारसं जमलं नव्हतं. मुलगा अंत्यसंस्काराला गेला नाही. पण त्यानंतर कधीतरी सावत्र आईच्या घरी त्याने कौटुंबिक बायबल उघडलं आणि कोऱ्या पानावर घरातल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून काढल्या. त्या पानाचे आज तुकडे उरले आहेत. त्यात सारा आहे : जन्म १० फेब्रुवारी १८०७, लग्न २ ऑगस्ट १८२६, मृत्यू २० जानेवारी १८२८. बहिणीच्या तिन्ही तारखा त्याने न चुकता लिहिल्या होत्या.